सोंडेवरचे चार दिवस

भूगोलाच्या पुस्तकातला द्वीपकल्प हा शब्द तिकडे कुणी वापरत नाही. तिकडे म्हणतात सोंड. डोंगराचा एक फाटा उतरत उतरत पाण्यात शिरलाय. तीन बाजूंना कोयना धरणाचा शिवसागर जलाशय, मागे कारवीने भरलेला डोंगर आणि सोंडेच्या मानेवर दहा-बारा घरं. सातारा जिल्ह्यातल्या बामणोलीहून लाँचने अर्धा-पाऊण तास. फोनला रेंज नाही. एका जांभळाखाली उभं राहिलं तर कधीमधी एखादी काडी येते, तीही वारा पडला की जाते. फेब्रुवारीच्या मध्यात मी, नवरा आणि सातवीतली लेक असे तिघं तिथे चार दिवस राहून आलो.

सुट्टी हे कारण होतंच, पण माझ्या मनात दुसरंही काही होतं. आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. लेक तेव्हा सात वर्षांची. दोन रात्री वरच्या मजल्यावर काढल्या आणि तिसऱ्या दिवशी रबरी बोटीतून निघालो. बोटीत तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं ते उतरेपर्यंत वर काढलं नाही. पुढे पोहण्याचा क्लास दोनदा लावला, दोनदा सोडावा लागला. अजूनही पावसाची झड लागली की ती विचारते, "आई, कोयनेतून किती सोडलंय?"

सांगलीत पावसाळ्यात हा प्रश्न घराघरात असतो. धरणाचे सहा दरवाजे किती फुटांवर उचललेत, किती हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती हजार घनफूट पाणी येतंय, हे भाजीवालीही सांगते. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेला धावते, हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भेटते, हेही शाळेत पाठ केलेलं. पण ज्या पाण्याची एवढी चौकशी करतो, ते साठून शांत उभं असताना कसं दिसतं हे आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. ते लेकीला दाखवावं असं मला फार दिवस वाटत होतं.

पेठ नाक्यावरून हायवेला लागलो, दुपारी साताऱ्यात जेवलो आणि यवतेश्वरचा घाट चढून कासवरून बामणोलीला उतरलो. कासचं पठार त्या दिवसांत तपकिरी, करपलेलं असतं. फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरची. फेब्रुवारीत तिथे गाडी थांबवण्यासारखं मला काही दिसलं नाही. घाट उतरताना मात्र एका वळणावर पाणी पहिल्यांदा दिसलं आणि लेकीने काच खाली घेतली.

या जलाशयाची लांबी साधारण ५० किलोमीटर, साठा १०५ टीएमसीच्या, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांच्या आसपास. हे आकडे मी अनेकदा वाचले होते, पण वाचून त्यांचा अंदाज येत नाही. डोंगरामागून डोंगर येतात आणि प्रत्येकाच्या पायाशी पाणी वळून आत गेलेलं असतं. पाणी आठ-दहा मीटर तरी उतरलं असावं. काठाला तांबड्या मातीचे पट्टे पडले होते, एकाखाली एक, जणू कुणी रोज रेघ मारून ठेवलीय. पलीकडे, पश्चिमेच्या बाजूला मात्र शेताचा तुकडा नाही, पत्र्याचं छप्पर नाही, नुसतं काळंभोर रान. ते कोयना अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालेलं. पुढे २०१० मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यानासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं आणि २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्यांना लेक पहिल्या तासातच मामा म्हणू लागली, आणि त्यांच्या कारभारणीला मामी. मामा साठीच्या पुढचे. दोन म्हशी, थोडी नाचणी, थोडा भात, एक होडी आणि पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. थोरल्या मुलाने दोन कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद होड्या, आणल्यात. लाँचमधून उतरताना लेकीने फळीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. मामांनी हात पुढे केला नाही. म्हणाले, "सावकाश ये. पानी कुठं पळून चाललंय?" ती तीन-चार मिनिटं तशीच उभी राहिली आणि मग आपली आपण उतरली. माणसाची पारख असलेली माणसं अशीच वागतात. मी असते तर हात धरून ओढलं असतं.

संध्याकाळी आम्हाला वाटलं, फिरायला जावं. मामांनी सोंडेच्या टोकावरचा एक सपाट काळा दगड दाखवला आणि म्हणाले, "हितं बसा. फिरून काय दिसत न्हाई." सांगलीत आम्ही पक्षी पाहायला जातो ते चालत चालत, यादी करत. इथे दीड तास एका जागी बसलो. पहिली वीस मिनिटं काहीच नाही. मग टिटव्या गप्प झाल्या. आम्ही आल्यापासून त्या ओरडत होत्या हे त्या थांबल्यावर कळलं. त्यानंतर एकेक येऊ लागलं. शेपटी सतत वरखाली हलवणारी तुतारी काठाने पळत गेली. काळा-पांढरा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबला आणि दगड सोडावा तसा खाली पडला. पाणकावळे बुडालेल्या झाडाच्या खुंटांवर पंख वाळत घालून बसले. अंधारताना पलीकडच्या रानातून सांबराचा आवाज आला. एकच, भोंग्यासारखा, "पोंक". थोड्या वेळाने पुन्हा. मामा कान देऊन म्हणाले, "काहीतरी फिरतंय. बिबट्या असंल, न्हाईतर कोळसुंदं." कोळसुंदं म्हणजे रानकुत्री. आम्हाला दिसलं काहीच नाही. पण त्या आवाजानंतर पलीकडचं रान मला नुसतं झाडांचं वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी कयाक. लेक येईलच याची खात्री नव्हती, म्हणून तिला आग्रह करायचा नाही एवढं आम्ही नवरा-बायकोने रात्री ठरवलं होतं. ती काठावर बसून मामांच्या मुलाचं शिकवणं ऐकत राहिली. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. दंडाने ओढायचं नाही, कमरेतून वळायचं. उजवं पातं पाण्यात जाताना उजव्या पायाने पुढचा टेकू दाबायचा. पात्याची पोकळ बाजू आपल्याकडे. हात एकमेकांजवळ आले की लवकर दमतात. उलटलंच तर लाइफजॅकेट तरंगवतं, तेव्हा वल्हं सोडायचं नाही आणि कयाक सोडायची नाही. हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हणवून घेतलं. मी निघणार एवढ्यात लेक उठली, जॅकेटचे पट्टे स्वतः घट्ट केले आणि माझ्या पुढच्या जागेवर येऊन बसली. तिचे गुडघे थरथरत होते, आणि त्या थरथरीने कयाकभोवती बारीक वलयं उठत होती. मी काही बोलले नाही.

सोंडेच्या दक्षिणेला एक छोटी खाडी आहे. सकाळी तिथे पाणी आरशासारखं. अर्धा तास आम्ही गोलगोल फिरलो, कारण दोघींची वल्ही एका तालात पडेनात. मग तिने मोजायला सुरुवात केली, "एक, दोन, एक, दोन," आणि कयाक सरळ चालू लागली. वाकून तिने पाण्यात बोटं घातली. गार आहे म्हणाली. साडेपाच वर्षांत तिने पाण्याबद्दल काढलेलं ते पहिलं साधं वाक्य होतं.

दहाच्या सुमारास टोकापलीकडे एक मोठा शिकारी पक्षी घिरट्या घालताना दिसला. खालून पांढरा, डोळ्यावरून काळी पट्टी, पंख मनगटात मोडल्यासारखे. ऑस्प्रे, पक्ष्यांच्या मराठी पुस्तकांतला कैकर. हिवाळी पाहुणा, फक्त माशांवर जगणारा. तो पाय पुढे करून पाण्यात कोसळला, क्षणभर पार दिसेनासा झाला आणि मासा घेऊन उठला. उडता उडता अंग झाडून त्याने पाणी निथळवलं आणि माशाचं तोंड वाऱ्याच्या दिशेला वळवून धरलं. ऑस्प्रेचं बाहेरचं बोट मागेही वळतं, त्यामुळे बुळबुळीत मासा दोन पुढे-दोन मागे असा पकडता येतो. हे वाचलेलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं आणि आम्ही दोघी त्याच्यामागे टोक ओलांडून गेलो. नवऱ्याची कयाक मागे खाडीतच होती. सूचना स्पष्ट होती की टोकाच्या पुढे जायचं नाही आणि अकराच्या आत काठाला यायचं. ती मी मोडली. चूक सर्वस्वी माझी.

घाटमाथ्यावर ऊन तापलं की कोकणातून वारा चढतो. तो कसा येतो ते आम्ही त्या दिवशी पाहिलं. आधी पलीकडचं पाणी गडद झालं, मग तो गडदपणा सरकत आपल्याकडे आला आणि पाच मिनिटांत लाटा कयाकच्या काठाला लागू लागल्या. परत टोकाला वळसा घालायचा तर वारा थेट तोंडावर. आम्ही वल्हवत होतो आणि शेजारचा खुंट जागचा हलत नव्हता. आम्ही पुढे जातच नव्हतो. लेकीच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. मोजत होती. "एक, दोन. एक, दोन."

सकाळी मामा ओझरतं बोलून गेले होते: वाऱ्याशी भांडायचं न्हाई, काठ धरायचा. ते आठवलं. मी तिला म्हटलं, आपण वळणार नाही, वारा नेतोय तिकडेच जाऊ, फक्त खुंटांपासून लांब राहू. सोंडेच्या उत्तर बाजूला बुडालेल्या झाडांचे खुंट आहेत, काही पाण्यावर, काही पाण्याखाली इंचभर; धोका त्यांचा. ती पुढे बसून सांगत गेली, "डावीकडे एक आहे, अजून डावीकडे," आणि मी वळवत गेले. दहा-बारा मिनिटांत गाळाला लागलो. पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत. कयाकला धरून, एकेक पाय उपसत कोरड्यावर आलो आणि तिथे दोघी बसून राहिलो. तिचे दात वाजत होते. मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिने हात बाजूला केला आणि समोर बोट दाखवलं. "आई, हे काय?"

गाळाच्या कडेला खडकावर काळपट लगदा पडलेला होता, वाळलेला, त्यात माशांचे खवले चमकत होते. वासही माशाचा. ओल्या चिखलात पावलं होती. पाच बोटं, मध्ये पडद्याची पुसट खूण, मागे शेपटी ओढल्याची रेघ. कुत्र्याचं नाही हे नक्की. कुत्र्याला चारच बोटं उमटतात.

मामा सोंड चढून पलीकडून उतरत आले ते अर्ध्या तासाने. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी लेकीकडे नीट पाहिलं, मग कयाककडे, मग म्हणाले, "काठ धरला, बरं केलं." पावलं दाखवली तशी खाली बसले. "ऊद हाय. हितं त्येंची बसायची जागा हाय. चार-पाच असत्याल." ऊद म्हणजे पाणमांजर. झाडांवर फिरणारं उदमांजर वेगळं, दोघांत फार गोंधळ होतो. मामांना या प्राण्याचं प्रेम आहे असं म्हणता येणार नाही. ऊद जाळ्यातला मासा ओढतो, जाळं फाडतो, आणि एक जाळं शिवायला दोन दिवस लागतात. तरी ते म्हणाले, "त्येचं पोट हाय, आपलं बी पोट हाय. जाळं मीच त्येच्या वाटंत टाकलं हुतं." कातडीसाठी या प्राण्याची फार शिकार झाली, आता कायद्याचं संरक्षण आहे, पण काठावरच्या माणसाने असं म्हटल्याशिवाय कायदा एकटा काय करणार, असं मला वाटतं.

त्या रात्री चुलीपुढे बसलो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि तळ्यातल्या माशाचं कालवण. लेकीने मामांना विचारलं, "मामा, पूर आला होता का कधी इकडे?" मामा हसले नाहीत. म्हणाले, "आला. आला त्यो गेलाच न्हाई." मग त्यांनी सांगितलं. त्यांचं मूळ गाव खाली, नदीच्या काठाला होतं. भाताची खाचरं, देऊळ, चिंच. साठच्या दशकात धरणात पाणी अडलं आणि ते चढत आलं. मामा तेव्हा अंगावर पिणारं पोर होते, त्यांच्या आईने त्यांना पाठीला बांधून वर आणलं. भावकीतली काही घरं सोलापूरकडे गेली, काही कोकणात. यांच्या आजोबांनी गावाच्याच डोंगराची सोंड धरली. "ही सोंड नव्हती तवा. डोंगूर हुता. पानी आलं म्हनून सोंड झाली." पाऊस कमी झालेल्या एखाद्या वर्षी मे महिन्यात देवळाचं जोतं उघडं पडतं, मग ते जाऊन नारळ फोडून येतात.

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमचं पाणी आठ दिवसांनी गेलं." मामा म्हणाले, "घर ऱ्हायलं न्हवं?" "राहिलं." "मग झालं." एवढंच. मी त्यांच्या बोलण्यात पडले नाही. पुराबद्दल ती घरात कधी बोलत नाही, आणि इथे चुलीपुढे ओळख होऊन दोन दिवस न झालेल्या माणसाशी बोलत होती. बाहेर रातव्याचा आवाज चालू होता, चक्-चक्-चक्, थांबून थांबून. मृग नक्षत्र डोक्यावर आलेलं आणि खाली पाण्यात त्याचे तीन तारे वेगळे मोजता येत होते.

तिसरा दिवस वासोटा किल्ल्याचा. तिकडे जायचं असेल त्यांच्यासाठी रीत सांगते. बामणोलीच्या वनविभागाच्या कार्यालयात परवाना काढायचा. प्रत्येकाचं ओळखपत्र, झेरॉक्ससह असलेलं बरं. पिशवीतल्या प्लॅस्टिकच्या वस्तू, बाटल्या, पुड्या, मोजतात आणि अनामत घेतात; परत येताना तेवढ्याच दाखवल्या तर पैसे परत. ही पद्धत मला फार आवडली, कारण वाटेवर खरोखर कचरा दिसला नाही. लाँच वेगळी ठरवावी लागते आणि ती पूर्ण दिवस आपल्यासाठी थांबते. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत खाली यावंच लागतं. म्हणून सकाळी लवकरात लवकर निघायचं. पावसाळ्यात वाट बंद असते.

पलीकडे मेट इंदवलीला उतरलो. गाव उठलेलं आहे. झाडीत जोती दिसतात, ओढ्याशी मारुती आहे. तिथून दीड-दोन तासांची चढण, सगळी सावलीतून. आपल्या सांगलीच्या माणसाला ही सावली नवी असते. दुपारी अकराला झाडाखाली संध्याकाळ वाटते. गव्याचं शेण ताजं होतं, गवा नव्हता. अर्ध्या वाटेवर वरून फांद्या खळबळल्या आणि मोठ्याने खडखडाट सुरू झाला. शेकरू. आपल्या राज्याचा प्राणी म्हणून पुस्तकात चित्र असतं, पण चित्रात त्याचा आकार कळत नाही. शेपटीसकट हातभराहून कितीतरी लांब, पाठ गडद तांबडी, पोट फिकं, शेपूट फांदीवरून खाली लोंबती. वाटाड्या म्हणाला, "तो आपल्यालाच शिव्या देतोय, थांबा." थांबलो. दहा मिनिटांनी त्याने आमचा नाद सोडला आणि मागच्या पायांनी फांदीला लटकून, उलटा, फळ खाऊ लागला. मग एका झाडावरून दुसऱ्यावर अशी उडी मारली की मधलं अंतर पाहून लेकीने श्वास रोखला. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं. त्या एका वळणावरून आम्हाला तीन दिसली, शेंड्याजवळ, पानाकाड्यांचे मोठे गोळे. जंगल सलग असेल, फांदीला फांदी लागत असेल, तरच हा प्राणी जगतो. जमिनीवर तो क्वचितच उतरतो.

गडावर पडक्या भिंती, मारुती, महादेवाचं देऊळ, चुन्याचा घाणा. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून हा गड घेतला. बाबूकड्यावर उभं राहिलं की ते कसं जमलं असेल ते समजतं, कारण दोन्ही डोंगर समोरासमोर आहेत आणि मधे नुसती दरी. खाली कोकण धुरकट दिसत होतं. तुरेवाला सर्पगरुड आमच्या पायाखालून घिरट्या घालत वर आला. पक्ष्याची पाठ वरून पाहायला मिळते ती अशाच जागी. उतरताना माझा गुडघा दुखला, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

चौथ्या दिवशी निघायचं होतं. लेकीने पहाटे साडेपाचला मला उठवलं. "ऊद बघायला जायचंय. मामा म्हणाले, ऊन पडायच्या आत." सोंडेच्या उत्तर बाजूला करवंदीच्या जाळीमागे आम्ही चौघं बसलो, मामा, नवरा, ती आणि मी. मामांनी आधी मूठभर माती सोडून वारा कुठून आहे ते पाहिलं आणि वारा तोंडावर येईल अशी जागा धरली. आमचा वास पाण्याकडे जाऊ नये म्हणून. मळकट कपडे, मोबाइल बंद, खोकला आला तर बाहीत.

पाण्यावर धुकं होतं. उजाडताना एक शीळ ऐकू आली, बारीक, तुटक, पक्ष्याची वाटली. मामांनी बोट वर केलं. धुक्यातून एक डोकं आलं, चपटं, मागे पाण्याला चिरत येणारी रेघ. मग दुसरं. मग तीन एकदम. खुंटांमधून ते अर्धगोल करून पुढे सरकत होते आणि त्यांच्यापुढे लहान मासे पाण्याबाहेर उड्या मारत होते. घेरून मासा काठाकडे आणायचा, अगदी कोळ्यांचं काम. एकाने मासा पकडला, पाण्यातच उताणा होऊन पुढच्या दोन पंज्यांत धरला आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. हाडं कडकड मोडल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. नंतर पाचही गाळावर आले, वाळूच्या पट्टीवर अंग घासत लोळले, एकमेकांच्या अंगावर पडले. ओलं अंग गुळगुळीत, शेपूट मुळाशी जाड आणि चपटी. सर्वांत लहान असलेला मागच्या पायांवर उभा राहिला आणि आमच्या जाळीकडे पाहू लागला. लेकीची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. तो पाहत राहिला, नाक हलवलं, आणि मग कंटाळल्यासारखा पुन्हा भावंडांत गेला.

वीस-बावीस मिनिटं. मग सूर्य डोंगरावर आला, धुकं उठलं आणि ते पाण्यात शिरले. पाणी त्यांच्यावर मिटलं आणि काही उरलं नाही, नुसती वलयं.

आम्ही खाली गेलो. गाळात त्यांची पावलं होती, आणि त्यांच्या शेजारी, दोन दिवस जुनी, कडा सुकलेली, आम्हा दोघींची. गुडघ्याइतकी खोल भोकं. एका भोकाच्या काठावरून ऊद चालत गेला होता.

लाँच दहाला आली. फळीवरून चढताना लेकीने मागे वळून मामांना विचारलं, "तुमचा तो काळा दगड पावसाळ्यात बुडतो का?" मामा म्हणाले, "भरलं तर बुडतो. दगडाला पानी लागलं की आमी समजतो, आता खाली सोडत्याल."

ऑगस्टमध्ये पाऊस लागला. आयर्विनपाशी पाणी चढत होतं, बातम्यांत दरवाज्यांचे आकडे येत होते, आम्ही खालच्या खोलीतली धान्याची पोती वर नेऊन ठेवली. लेकीने माझा फोन घेतला आणि मामांचा नंबर लावला. तीनदा लागला नाही. चौथ्यांदा लागला, म्हणजे मामा जांभळाखाली उभे असणार. पावसाचा आवाज इकडे ऐकू येत होता.

"मामा, दगड?"

"चार बोटं हाय अजून."

तिने ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात लिहिलं: चार बोटं. आणि मग विचारलं, "आणि ऊद?"